शब्दशंका : उंबरठ्यावरचे चार वर्ण

गेल्या अंकात 'अंतःस्थ' हा शब्द जाता जाता येऊन गेला आणि त्यावर पत्रं आली. य, र, ल, व यांच्याबद्दलचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच शंकेची दोन-तीन पत्रं होती तिथे एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, 'इ' म्हणताना आणि 'य' म्हणताना जीभ एकाच जागी जाते. मग एक स्वर आणि दुसरं व्यंजन कसं?" पुस्तकात 'अर्धस्वर' एवढंच आहे. मुलांना पटेल असं काय सांगावं?
— शिक्षिका, डिचोली

उत्तर : मुलीचा कान आणि जीभ दोन्ही शाबूत आहेत. 'इ' आणि 'य' यांच्यात जिभेच्या जागेचा फरक जवळपास नाहीच. फरक आहे तो कामाचा. एका दमात तोंडातून पडणाऱ्या तुकड्याला आपण अक्षर म्हणतो. त्या अक्षराचा भार जो ध्वनी पेलतो तो स्वर. जो त्या भाराला नुसता टेकतो आणि लगेच पुढे सरकतो तो अर्धस्वर.

हे वर्गात टाळीवर दाखवता येतं. 'ई' म्हणताना एक टाळी, 'आ' म्हणताना दुसरी. ई–आ, ई–आ असं म्हणत दोन टाळ्यांमधलं अंतर कमी करत न्यायचं. दोन्ही आवाज एकाच टाळीत मावले की मुलं आपोआप 'या' म्हणू लागतात. 'ई' कुठे गेली? जिभेनं जागा सोडलेली नाही, फक्त तिची टाळी गेली. तसंच 'ऊ–आ'चं 'वा' होतं.

दोन गोष्टी आधीच लक्षात ठेवा, नाहीतर प्रयोग फसतो. बरीच मुलं 'ई' आणि 'आ' यांच्यामध्ये घशात आवाज तोडतात. मग कितीही घाई केली तरी 'या' होत नाही. त्यांना कंठावर बोट ठेवायला सांगा. तिथली थरथर शेवटपर्यंत अखंड राहिली पाहिजे. दुसरं म्हणजे 'ऊ–आ'मधून निघतो तो ओठ गोल करून म्हटलेला 'व'. आपल्या रोजच्या 'वाट', 'वारा'मध्ये खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो. एखादा हुशार मुलगा हे पकडतोच, त्यामुळे उत्तर तयार ठेवलेलं बरं.

उलटी परीक्षाही करा. 'या'मधला 'य' ताणून धरायला सांगा. ताणला की ऐकू येते ती 'ई'. 'स' ताणला तर 'स'च राहतो, 'क' ताणताच येत नाही, 'य' मात्र ताणला की स्वर होतो.

'र' आणि 'ल' इथे अडचणीत आणतात. 'ल' कितीही ताणा, 'ल'च. 'र' तर जिभेच्या शेंड्याचा फटका आहे. म्हणूनच आजचं ध्वनिशास्त्र काटेकोरपणे बोलायचं तर य आणि व यांनाच अर्धस्वर म्हणतं आणि र, ल यांना वेगळ्या गटात बसवतं. आपल्या व्याकरणानं चौघांना एकत्र ठेवलं, कारण संस्कृतात प्रत्येकाला आपापला स्वर होता : य–इ, र–ऋ, ल–ऌ, व–उ. आज 'ऋ' आपण 'रु' म्हणतो, उत्तरेत 'रि' म्हणतात, आणि 'ऌ' मराठीत 'क्लृप्ती'पुरता उरला आहे. त्यामुळे र-लच्या जोड्या मुलांना कानानं पटणार नाहीत. त्या संधी शिकवताना दाखवा.

'अर्धस्वर' या शब्दानं मुलांचा समज 'निम्मा स्वर' असा होतो. 'अंतःस्थ', म्हणजे मध्ये उभा असलेला, हा शब्द अधिक नेमका आहे. कशाच्या मध्ये, यावर दोन मतं आहेत. कुणी म्हणतं स्वर आणि व्यंजन यांच्या मध्ये. कुणी म्हणतं वर्णमालेत स्पर्श (क ते म) आणि ऊष्मे (श, ष, स) यांच्या मध्ये. परीक्षेत दोन्हींपैकी काहीही लिहिलं तरी चूक धरू नये.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी यण् संधी पाठ केला, तरी विग्रह चुकतो. एखादी खात्रीची पद्धत आहे का?
— परीक्षार्थी, साखळी

उत्तर : वरच्या उत्तरातली टाळी हाच यण् संधी. इ, उ, ऋ, ऌ यांच्यापुढे वेगळा स्वर आला की दोन टाळ्यांची एक होते आणि अनुक्रमे य, व, र, ल उरतात. पाणिनीचं सूत्र तीन शब्दांचं आहे : इको यणचि. वर्णमालेत आपण 'य र ल व' म्हणतो, तर शिवसूत्रांत, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणातल्या वर्णांच्या यादीत, 'य व र ल' असा क्रम आहे. कारण तिथे स्वर 'इ उ ऋ ऌ' अशा ओळीत आहेत आणि जोडी क्रमानं लावायची आहे. पाठ करायचंच असेल तर हा क्रम करा.

विग्रहासाठी असं करा. जोडाक्षराच्या शेवटी य, व, र दिसला की त्याच्या जागी त्याचा स्वर ठेवा. त्या अंतःस्थाला चिकटलेला स्वर सोडवून दुसऱ्या शब्दाच्या आरंभी न्या. मग दोन्ही तुकड्यांना अर्थ आहे का ते पाहा. 'प्रत्युत्तर' : त्य चा ति, सुटला उ, म्हणून प्रति + उत्तर. 'अन्वेषण' : अनु + एषण. 'पित्राज्ञा' : पितृ + आज्ञा. तिसरी पायरी गाळलीत तर 'सत्य', 'विद्या', 'पत्र' यांचेही तुकडे पाडत बसाल. 'स्वागत' म्हणजे सु + आगत. पण 'स्वराज्य' म्हणजे स्व + राज्य, तिथे यण् नाही.

परीक्षेत गुण घालवणारे दोन शब्द आहेत. 'अत्याधिक' हा शब्दच चूक. अति + अधिक म्हणजे अत्यधिक. 'अत्याचार'मध्ये आ येतो कारण पुढे 'आचार' आहे. आणि सरकारी पत्रांतला लाडका 'उपरोक्त'. उपरि + उक्त, म्हणून उपर्युक्त. 'उपरोक्त' इतका रुळला आहे की कार्यालयात कुणी टोकणार नाही, पण उत्तरपत्रिका तपासणारा टोकेल.

हा नियम फक्त संस्कृत शब्दांचा आहे असं समजू नका. होडी + आ = होड्या, नदी + आ = नद्या, सासू + आ = सासवा, जाऊ + आ = जावा. मराठीची अनेकवचनं याच वाटेनं जातात. 'बी' आणि 'स्त्री' एकाच अक्षराचे शब्द; त्यांतली इ गेली तर भार पेलायला मागे काहीच उरत नाही. म्हणून ती जागेवर राहते आणि तिच्या पाठोपाठ य येतो : बिया, स्त्रिया.

उलट्या दिशेलाही प्रवास होतो, त्याला संप्रसारण म्हणतात. वच् पासून उक्त, यज् पासून इष्ट, स्वप् पासून सुप्त, ग्रह् पासून गृहीत. 'वक्ता' आणि 'उक्ती' एकाच धातूचे कसे, हे कोडं इथे सुटतं.

प्रश्न : बाहेरून येणारे पाहुणे रोमन पाट्या वाचून 'सँग्वेम', 'सँक्वेलिम', 'फॉन्टेनहास' म्हणतात. त्यांना एखादा नियम सांगता येईल का? आणि शिवोली, प्रियोळ या नावांतले व, य पाटीवर का दिसत नाहीत?
— टॅक्सीचालक, म्हापसा

उत्तर : नियम आहे, आणि तो अंतःस्थांभोवतीच फिरतो. रोमन पाट्यांवरची गोव्यातली बरीच नावं पोर्तुगीज वाचनाच्या सवयीनं लिहिलेली आहेत आणि आपण ती इंग्रजीच्या सवयीनं वाचतो.

जी किंवा क्यू यांच्यापुढे यू आणि त्यापुढे ई किंवा आय असेल, तर तो यू मुका. तो फक्त 'इथे ज किंवा स नाही, ग किंवा क आहे' असं सांगायला उभा असतो. म्हणून सांगे, केपे, साखळी, गिरी या गावांच्या स्पेलिंगांत यू आहे, पण उच्चारात व नाही. त्याच यूपुढे ए आला की तो बोलू लागतो : आग्वाद. १६१२ साली बांधून झालेल्या या किल्ल्याच्या नावाचा संबंध पाण्याशी आहे. जहाजं तिथे गोडं पाणी भरून घेत. 'अगुआडा' असं चार टाळ्यांत म्हणणारे पाहुणे भेटतात. 'ग्वा' ही एकच टाळी आहे, एवढं त्यांना सांगा.

एनपुढचा एच 'ह' नसतो. तो एनला तालूकडे ढकलतो आणि 'ञ'जवळचा आवाज होतो. पणजीच्या फोंतेन्हासमधला 'न्ह' आपण मराठीत लिहितो खरा, पण मूळ उच्चार 'न्य'कडे झुकतो. तसाच एलपुढचा एच : तिसवाडीचं पोर्तुगीज नाव 'इल्यश', म्हणजे बेटं, त्यात एल-एच आहे आणि वाचायचं 'ल्य'. नावाच्या शेवटचा एम हाही 'म' नव्हे, आधीचा स्वर नाकातून म्हणायची ती खूण. पणजीची 'पँजिम' झाली ती हा एम इंग्रजी डोळ्यांनी वाचल्यामुळे.

आता शिवोली आणि प्रियोळ. दोन्हींत 'इ'पाठोपाठ 'ओ' आहे. इ म्हणताना जीभ तालूजवळ, ओ म्हणताना ओठ गोल. एकातून दुसऱ्यात जाताना वाटेत हलकासा य किंवा व घडतोच. जीभ सावकाश सुटली तर य, ओठ आधीच गोल झाले तर व. देवनागरीत दोन गावांनी दोन वाटा धरल्या. रोमनमध्ये लिहिणाऱ्यानं दोन्हीकडे नुसते दोन स्वर शेजारी ठेवले आणि मधला अंतःस्थ वाचणाऱ्याच्या तोंडावर सोडला. दोघेही आपापल्या परीनं बरोबर आहेत.

बाणावलीत याची दुसरी बाजू दिसते. आपला 'आव' रोमनमध्ये ए-यू झाला. दोनापावलाच्या नावात आपण त्याच ए-यूचा 'आव' केला. औ आणि आव यांची ही अदलाबदल नवी नाही; नौ + इक = नाविक, पौ + अक = पावक यांत तीच आहे.

सगळ्यांत रंजक आहे तो पोर्तुगीज शब्दांच्या शेवटचा नाकातला 'आंव', ज्याच्या ए अक्षरावर नागमोडी रेघ देतात. तिथे शेवटचा ध्वनी हा अनुनासिक व असतो, स्वर नव्हे आणि पुरतं व्यंजनही नव्हे. त्या आवाजाचे शब्द आपल्या रोजच्या तोंडात आहेत. पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, पाव त्यातलाच. लिलावही त्यातलाच, मराठीनं त्या ध्वनीची गोलाई ठेवली म्हणून 'लिलाव', हिंदीनं नाकातला सूर ठेवला म्हणून 'नीलाम'. २४ जूनच्या सांजांव सणातला 'जांव'ही तोच. आपल्याकडून त्यांच्याकडे जाताना मडगावच्या 'गाव'ला तोच आवाज मिळाला, कारण तेव्हाचा उच्चार 'गांव' असा नाकातून होता. कोकणीत तो आजही तसाच आहे. मराठीनं १९६२च्या लेखननियमांत न उच्चारला जाणारा अनुस्वार काढून टाकला, म्हणून आपण 'गाव' लिहितो. चोडणचा रोमन अवतार पाहिलात तर कळेल की तिथे आपल्या 'ण'लाही हाच आंव मिळाला आहे.

प्रश्न : 'व्हॅन' की 'वॅन'? 'व्हास्को' का नाही? इंग्रजी व्ही आणि डब्ल्यू मराठीत कसे लिहावेत, यावर आमच्याकडे रोज वाद होतो.
— मुद्रितशोधक, पणजी

उत्तर : रूढ संकेत असा : व्हीला 'व्ह', डब्ल्यूला 'व'. व्हॅन, व्हिडिओ, व्होट. वॉर्ड, वेल्डिंग, वॉटर. पण हा संकेत लेखनाचा आहे, उच्चाराचा नाही. 'व्ह' म्हणजे श्वास मिसळलेला व, जसा 'केव्हा', 'जिव्हाळा' यांत असतो. इंग्रजी व्हीमध्ये तो श्वास नसतो, घर्षण असतं. खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून, हवा त्या फटीतून घासत सोडायची आणि कंठ थरथरता ठेवायचा. डब्ल्यूला दातांचा संबंधच नाही. ओठ शिट्टीसारखे गोल करून लगेच उघडायचे. आपला 'व' या दोघांच्या मधला : ओठ दातांजवळ जातो, पण घासत नाही. म्हणून इंग्रजी कानाला आपले दोन्ही शब्द एकसारखे वाटतात. ओठांसमोर तळहात धरून तपासा. व्हीला सतत बारीक झोत लागतो, मराठी व्हला एक उबदार फुंकर लागते, आपल्या वला जवळजवळ काहीच नाही.

वास्को हा संकेत ठरण्याच्या कितीतरी आधी आपल्या तोंडी बसलेला शब्द आहे. त्याला आता 'ह' चिकटवू नये. पोर्तुगीजमधून आलेल्या गावांच्या आणि माणसांच्या नावांत 'व'च ठेवा, इंग्रजीतून आलेल्या वस्तूंना 'व्ह' द्या. वाद निम्मा मिटेल. डब्ल्यूच्या नावातच दोन 'यू' आहेत हेही तुमच्या सहकाऱ्यांना सांगा. रोमन लिपीत यू आणि व्ही शतकानुशतकं एकच अक्षर होतं.

याच पत्रात 'जिव्हा की जिह्वा' असंही विचारलं आहे. संस्कृतात ह आधी, मराठी उच्चारात व आधी. तत्सम म्हणून 'जिह्वा', 'विह्वल' लिहा, पण 'जिव्हाळा' मराठी आहे, तो 'जिह्वाळा' होणार नाही. 'आव्हान' हे रूप मराठीनं केव्हाच स्वीकारलं. मात्र आव्हान (ललकारी) आणि आवाहन (विनंती) यांची सरमिसळ करणाऱ्या बातमीला माफी नको.

प्रश्न : सूत्रसंचालन करताना 'संवाद', 'संरक्षण', 'सिंह' हे शब्द कसे म्हणावेत? एक परीक्षक 'सम्वाद' म्हणायला सांगतात, दुसरे हसतात.
— निवेदिका, मडगाव

उत्तर : हसणारे बरोबर, हसणं चूक. क ते म या वर्णांआधीचा अनुस्वार त्या त्या वर्गाचा नासिक्य होतो : पंकज (ङ), चंपा (म). अंतःस्थ आणि ऊष्म्यांना असा नासिक्य नाही, म्हणून तिथे अनुस्वार स्वतःच अंतःस्थ होतो. 'य'आधी नाकातला य (संयम), 'ल'आधी नाकातला ल (संलग्न), आणि र, व, श, ष, स, ह यांच्याआधी नाकातला व (संरक्षण, संवाद, वंश, संसार, सिंह). संस्कृत वैयाकरणांनी य, व, ल यांची सानुनासिक आणि निरनुनासिक अशी दोन-दोन रूपं मानली, 'र'ला मात्र असं रूप नाही. म्हणून मराठीत तो 'व'ची उसनवारी करतो.

सरावासाठी नाक चिमटीत धरून 'सं' म्हणा. आवाज पुरता अडला तर तुम्ही म किंवा न म्हणत आहात, म्हणजे तोंड बंद झालं आहे. आवाज बदलला पण अडला नाही, तर उच्चार बरोबर. 'सन्सार', 'हन्स' ही हिंदीची सावली. 'सौंसार', 'हौंस' इतकं जाडही करू नका. ओठ अर्धवट गोल, बस्स.

प्रश्न : 'दर्या' आणि 'दऱ्या' फोनवर सारखेच उमटतात. टंकलेखन कसं करावं, आणि फरक करायचाच कशाला?
— डीटीपी करणारा, फोंडा

उत्तर : १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. तेव्हा 'दऱ्यात उतरू नका' असं छापलंत तर मच्छीमार होडीसकट सह्याद्री शोधत निघतील. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. आचार्यांना नमस्कार करतात, आचाऱ्यांना जेवणाचं कंत्राट देतात.

फरक ऐकू येतो तो अक्षर कुठे तुटतं त्यावर. दर्-या : र पहिल्या अक्षरात अडकतो, त्यामुळे 'द'वर आघात येतो. द-ऱ्या : र आणि य दोन्ही पुढच्या अक्षरात जातात, 'द' हलका राहतो. वृत्तात लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दर्या गुरू-गुरू, दऱ्या लघू-गुरू. 'तुझ्या', 'तुम्ही', 'उन्हात' यांतही पहिलं अक्षर याच कारणानं लघू. जोडाक्षर दिसलं की मागचं गुरू, असं डोळ्यांनी मोजणाऱ्यांची मात्रा इथेच चुकते.

लिहिताना मूळ शब्द पाहा. री, रा यांवरून बनलेल्या मराठी रूपांत ऱ्य : दरी–दऱ्या, वारा–वाऱ्याने, शेतकरी–शेतकऱ्यांना. मुळातच जोडाक्षर असेल तर रफार : सूर्य, कार्य, पर्याय, मर्यादा, दर्या. हकाराबरोबर मराठीत ऱ्ह : वऱ्हाड, गऱ्हाणं, ऱ्हास.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे (ऱ), मग डी (हलन्त), मग तिरप्या रेघेची कळ (य). फोनच्या बहुतेक कळफलकांवर 'र' दाबून धरला की 'ऱ' निघतो, त्यापुढे हलन्त आणि य. युनिकोडमध्ये हा ऱ ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र वर्ण आहे. जुनी रीत साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी होती. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाला वेगळे. 'शेतकऱ्यांना' शोधलं आणि निम्मे सापडलेच नाहीत, तर कारण हे. आधी अदृश्य चिन्हाचं रूप शोधून त्याजागी ऱ + हलन्त घाला. सगळ्या 'र्य'ची एका फटक्यात बदली मात्र करू नका, सूर्याच्या सुऱ्या होतील.

प्रश्न : आजी 'येक', 'वोठ' म्हणते. नात तसंच लिहिते आणि शाळेत गुण कापतात. आजीचं चूक का?
— वाचक, पेडणे

उत्तर : आजीचं बोलणं जुनं आहे, चूक नाही. जुन्या मराठी हस्तलिखितांत 'येक', 'वोवी' अशी रूपं सर्रास आहेत. शब्द ए किंवा ओ यांनी सुरू झाला की जीभ किंवा ओठ जागेवर जाताना आधी किंचित य किंवा व उमटतो. असा निसटता य-व अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैयाकरणांनाही छळत होता. 'हरे + इह' याचं 'हरयिह' होतं तेव्हा त्यातला य कसा म्हणावा? शाकटायन म्हणाले, अगदी हलक्या प्रयत्नानं. शाकल्य म्हणाले, टाकूनच द्या, 'हर इह' म्हणा. पाणिनीनं दोघांची मतं नावानिशी लागोपाठच्या सूत्रांत नोंदवली आणि भांडण मिटवलं नाही.

शाळेत मात्र 'एक', 'ओठ' लिहायचं. नातीला एक जोडी द्या : 'ए, इकडे!' आणि 'ये इकडे.' पहिली हाक, दुसरी आज्ञा. हा फरक ऐकू आला की लेखनही सुधारतं.

प्रश्न : य आणि इ यांतला फरक संगणकावर मोजता येतो का? प्रकल्पासाठी हवं आहे.
— बी. ए.चा विद्यार्थी, काणकोण

उत्तर : येतो, आणि फुकटात. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पाउल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेली 'प्राट' ही प्रणाली उतरवून घ्या. शांत खोलीत, पंखा बंद करून, 'आया' आणि 'आई आ' ही जोडी प्रत्येकी पाच वेळा ध्वनिमुद्रित करा. फॉर्मंटची, म्हणजे ध्वनीच्या आलेखात दिसणाऱ्या गडद पट्ट्यांची, कमाल मर्यादा पुरुषाच्या आवाजाला ५००० हर्ट्झ, बाईच्या आवाजाला ५५०० ठेवा. ही चुकली की दुसरी पट्टी भलतीकडे उमटते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्वाधिक घोळ इथेच होतो.

'ई'ची पहिली पट्टी खाली, पुरुषाच्या आवाजात साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास, आणि दुसरी २२००च्या आसपास दिसते. 'आई आ'मध्ये दुसरी पट्टी वर जाऊन काही काळ सपाट राहते. 'आया'मध्ये ती वर चढते आणि न थांबता उतरते. सपाटी किती मिलिसेकंद टिकते ते मोजा, तोच तुमचा तक्ता.

संदर्भासाठी १९५६ सालचं हॅस्किन्स प्रयोगशाळेतलं काम पाहा. तिथे संशोधकांनी यंत्रावर एकच चढ बनवला आणि त्याचा फक्त वेळ बदलला. चढ अगदी झटपट असताना ऐकणाऱ्यांना 'बे' ऐकू आला, थोडा लांबवल्यावर 'वे', आणखी लांबवल्यावर 'उए'. व्यंजन, अंतःस्थ, स्वर, तिन्ही एकाच हालचालीतून निघाले.

प्रश्न : पाच वर्षांची मुलगी 'राम'ला 'लाम' म्हणते. काही करावं का?
— पालक, वाळपई

उत्तर : आत्ता नाही. 'र' बहुतेक मुलांना शेवटी शेवटी जमतो, आणि तोवर ती त्याच घरातला सोपा शेजारी, म्हणजे ल किंवा य, वापरतात. तिला हसू नका, 'पुन्हा म्हण' असा लकडाही लावू नका; आपण स्पष्ट 'राम' म्हणत राहा. खेळ म्हणून 'अडडडड' जलद म्हणायला लावा. जिभेचा शेंडा सैल पडला की त्यातून 'र' निघतो. सहा वर्षं उलटूनही 'ल'च राहिला, किंवा इतर वर्णही अडत असतील, तर आधी कान तपासून घ्या आणि मग वाचाउपचारतज्ज्ञाकडे न्या.